सासूबाई आणि आत्याबाईंसह बेंगळुरात तीन दिवस: काय पाहावे, कुठे जेवावे?

निपाणीची सून

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी बेंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात नोकरी करते आणि तिथेच पेइंग गेस्ट म्हणून राहते. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तिला भेटायला आम्ही चौघे जात आहोत: मी, यजमान, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि यजमानांच्या कोल्हापूरच्या आत्याबाई. मुलीच्या खोलीवर पाहुण्यांना राहता येत नाही, त्यामुळे लॉज पाहावाच लागेल. शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस हाती आहेत व सोमवारी परत निघायचे आहे. मुलगी शुक्रवारी कामावर असेल, परंतु शनिवार आणि रविवार तिला सुटी आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात; सपाट जागेवर त्या हळूहळू बऱ्यापैकी चालतात, पण जिने त्यांना झेपत नाहीत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि दिवसातून एकदा भाकरी मिळाली नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे. यजमानांना मटणाचे एक चांगले जेवण हवे आहे. आत्याबाईंना रेशमी साडी घ्यायची आहे आणि शहाजीराजे बेंगळूरला राहत होते असे त्यांनी वाचलेले असल्यामुळे त्या काळातले काही पाहायला मिळेल का, असे त्या सारखे विचारत आहेत. मॉल पाहण्यात आम्हांला कोणालाच रस नाही.

मुलीने फोनवर पाठवलेल्या यादीत वीस-बावीस ठिकाणे आहेत आणि ती शहराच्या चारही टोकांना पसरलेली दिसतात. आपल्या भागातून कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी बेंगळूरला राहिलेल्यांपैकी कोणी अनुभवाने सांगू शकेल का, की यातले काय ठेवावे आणि काय वगळावे? वंदे भारतने जावे की रात्रीच्या गाडीने, याबद्दलही घरात एकमत नाही.

टिळकवाडीकर

ताई, आधी गाडीचे बोलू. वंदे भारत बेळगावहून पहाटे निघते आणि दुपारी बेंगळूरला पोहोचते. बेळगावात राहणाऱ्याला ती सोयीची आहे. तुम्हांला मात्र निपाणीहून मध्यरात्रीनंतर घर सोडावे लागेल, वयस्कर माणसांची झोप मोडेल आणि शुक्रवारचा अर्धा दिवस गाडीतच जाईल. त्यापेक्षा गुरुवारी रात्री बेळगाव-बेंगळूर एक्सप्रेसने निघावे, खालचे बर्थ मिळतील इतके आधी आरक्षण करावे आणि सकाळी ताजेतवाने उतरावे, हे मला अधिक बरे वाटते. परतताना मात्र वंदे भारत चालेल, कारण ती बेंगळूरहून दुपारी निघून रात्री उशिरा बेळगावला येते आणि सोमवारची सकाळ मोकळी मिळते. फक्त पुढे निपाणीपर्यंतच्या वाहनाची सोय आधी करून ठेवा.

राहण्यासाठी व्हाइटफील्डचा विचार करू नये. मुलगी तिथे आहे हे खरे, पण तुम्हांला जे पाहायचे आहे त्यातले जवळजवळ काहीच तिथे नाही. मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून थेट मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या भागापर्यंत येते, तेव्हा सुटीच्या दिवशी तिनेच तुमच्याकडे यावे, हे सर्वांच्या सोयीचे आहे. मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरात स्वस्त आणि मध्यम दराचे पुष्कळ लॉज आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत ती तुमचीच असते. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला ही पद्धत फार उपयोगी पडते. हा भाग गोंगाटाचा आहे हे मान्य, म्हणून रस्त्याकडेची खोली घेऊ नये आणि लिफ्ट चालू आहे ना, हे आधी फोनवर विचारून घ्यावे.

आता यादीबद्दल. माझ्या मते त्या वीस-बावीस ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणे निःसंकोच खोडून टाकावीत. बेंगळुरात अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याला अर्थ नाही. संध्याकाळी सहा किलोमीटरला तास लागतो आणि तो तास गुडघे दुमडून रिक्षात बसण्यात जातो. म्हणून एका दिवसाला एकच जुनी पेठ धरावी, तिथे सकाळी लवकर पोहोचावे, तिथेच खावे, तिथलेच देऊळ किंवा बाग पाहावी आणि ऊन चढण्याच्या आत परत येऊन विश्रांती घ्यावी. संध्याकाळी वाटले तर पुन्हा बाहेर पडता येते.

बसवनगुडी हा या दृष्टीने पहिला भाग. दोड्ड बसवण्णाचे देऊळ, म्हणजे एकाच दगडात घडवलेला सुमारे साडेचार मीटर उंचीचा प्रचंड नंदी, शेजारचा दोड्ड गणपती आणि बाजूची ब्यूगल रॉकची बाग हे सगळे एकमेकांना लागून आहे. शहराचा संस्थापक केंपेगौडा याने सोळाव्या शतकात हे देऊळ बांधले. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे शेंगांची मोठी जत्रा भरते, तिला कडलेकाई परिषे म्हणतात आणि भुईमुगाचे नवे पीक नंदीला वाहिले जाते. तुम्ही जाल तेव्हा ती होऊन गेलेली असेल, पण आपल्याकडे शेंगा पिकवणाऱ्यांनी ती एकदा पाहण्यासारखी आहे. पुढे गांधी बाजारात फुलांची आणि पूजेच्या साहित्याची दुकाने आहेत. सासूबाई तिथे नक्की रमतील.

विद्यार्थी भवन याच गांधी बाजारात आहे. 1943 सालापासूनचे हे हॉटेल शुक्रवारी बंद असते, म्हणून बसवनगुडी शनिवारी ठेवावी. जाड, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असा मसाला डोसा आणि हातावर ताटल्यांची उतरंड रचून आणणारे वाढपी, या दोन्हींसाठी लोक तिथे रांगा लावतात. सकाळी लवकर पोहोचाल तर तुम्हांला फार वेळ थांबावे लागणार नाही.

मल्लेश्वरमचा भाडेकरू

मी मूळचा अनगोळचा, पण बरीच वर्षे मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहतो. टिळकवाडीकरांच्या पेठेच्या कल्पनेशी मी पूर्ण सहमत आहे. विद्यार्थी भवनाच्या बाबतीत मात्र नाही. जानेवारीतल्या शनिवारी सकाळी तिथे पाऊण ते एक तास थांबावे लागणे अजिबात असाधारण नाही आणि बाहेर बसायला जागा अगदी थोडी आहे. बहात्तर वर्षांच्या बाईंना एका डोशासाठी पदपथावर उभे ठेवण्याइतका तो डोसा श्रेष्ठ आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. नावाजलेली हॉटेले तरुणांनी आठवड्याच्या मधल्या वारी पाहावीत. बेंगळूरच्या खाण्याचा खरा आनंद कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दर्शिनींमध्ये आहे. 1980 नंतरच्या दशकात वाढलेला हा उभ्याने खाण्याच्या हॉटेलांचा प्रकार. कूपन घ्यावे, काउंटरवरून ताटली उचलावी, उंच टेबलाशी उभे राहून खावे. चार पायऱ्यांवर किंवा एखाद्या बाकावर ज्येष्ठांना बसवून त्यांची ताटली नेऊन देता येते, कोणी हरकत घेत नाही. इडली, वडा, खारा भात म्हणजे आपले उपीट, केसरी भात म्हणजे शिरा, आणि दोन्ही एका ताटलीत हवे असतील तर चौ चौ भात. कॉफी दोघांत एक मागितली तरी कोणी भुवया उंचावत नाही. "बाय टू" ही इथली रोजची मागणी आहे.

सांबार गोडसर लागेल, याची सासूबाईंना आधीच कल्पना द्या. इथे त्यात गूळ पडतो आणि बेळगावकडच्या जिभेला पहिल्या घासाला आमटीत काहीतरी चुकले आहे असे वाटते. येताना शेंगाचटणीची आणि कारळाच्या चटणीची एकेक पुडी सोबत ठेवावी, हा माझा अत्यंत गंभीर सल्ला आहे.

भाकरीची मात्र चिंता नको. उत्तर कर्नाटकातून आलेल्या लोकांमुळे "जोळद रोट्टी ऊट" असा फलक लावलेल्या खानावळी गांधीनगर, राजाजीनगर, विजयनगर अशा अनेक भागांत आहेत. ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, हिरवी पालेभाजी, दही आणि चटण्या असे ताट मिळते. गरम मऊ भाकरी हवी की कडक, हे सांगायला विसरू नये, कारण काही ठिकाणी न विचारता कडक वाढतात. हे जेवण दुपारीच घ्यावे. रात्री बहुतेक ठिकाणी भाकऱ्या उरलेल्या असतात आणि त्यांचा तो पोत राहत नाही.

रविवार मल्लेश्वरमला द्या. मंत्री स्क्वेअर संपिगे रोड हे मेट्रो स्थानक हिरव्या मार्गिकेवर मॅजेस्टिकपासून अगदी जवळ आहे. संपिगे रस्ता आणि आठवा क्रॉस (आडवा रस्ता) इथे फुले, भाज्या, पितळी भांडी, जानवी, विड्याची पाने यांचा बाजार भरलेला असतो. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या गावातल्या दाटीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन्ही वसाहती आखल्या गेल्या, त्यामुळे रस्ते सरळ आणि झाडे मोठी आहेत. सीटीआर हॉटेलचा लोण्याचा मसाला डोसा इथलाच, पण रविवारी तिथे जाऊ नका असे मी शेजारी असूनही सांगेन. पंधराव्या क्रॉसजवळच्या वीणा स्टोअर्सची इडली घ्या. रांग असते, पण भराभर पुढे सरकते आणि मुलगी रांगेत असताना तुम्ही समोर सावलीत थांबू शकता.

जुना वाटसरू

आत्याबाईंच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

1638 मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाच्या वंशजाकडून बेंगळूर घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्याबरोबर होते आणि पुढे बेंगळूरसह कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख त्यांच्याकडे जहागीर म्हणून आला. बेंगळूर हेच त्यांचे मुख्य ठाणे झाले. जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ इथे येऊन राहिले होते. शहाजीराजांच्या पश्चात हा मुलूख व्यंकोजीराजांकडे गेला, ते तंजावरला स्थिरावले, आणि दूरवरून बेंगळूर सांभाळणे परवडेना म्हणून त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना देण्याची बोलणी चालवली. व्यवहार पुरा होण्याआधीच 1687 मध्ये मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले आणि अखेर ते वोडेयरांच्याच हाती गेले. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे बेंगळूर भोसल्यांकडे होते.

एवढे असूनही शहाजीराजांचा वाडा म्हणून बोट दाखवावे असे आज काही उभे नाही. चिकपेटेच्या परिसरात तो होता असे सांगितले जाते, पण तिथे आता कापडाची गोदामे आणि गर्दी आहे. आत्याबाईंना हे निघण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे तिथे पोहोचून विरस होणार नाही. खरोखर पाहण्यासारखी खूण मल्लेश्वरममध्येच आहे. काडु मल्लेश्वर हे महादेवाचे देऊळ भोसल्यांच्या काळाशी जोडलेले आहे आणि व्यंकोजीराजांनी देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख उपलब्ध आहे. या देवाच्या नावावरूनच वस्तीला मल्लेश्वरम म्हणतात. समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून सतत पाणी येते आणि खालच्या पिंडीवर पडते. ही वास्तू मातीखाली गाडली गेली होती, ती 1997 मध्ये मोकळी करण्यात आली. देवळाला पायऱ्या आहेत आणि नंदीतीर्थात तर खाली उतरावे लागते. सासूबाईंनी वरच्या कठड्यापाशी थांबून दर्शन घ्यावे.

दुसरे ठिकाण गविपुरमचे गवि गंगाधरेश्वर. खडकात कोरलेले हे गुहामंदिर बसवनगुडीपासून जवळ आहे आणि मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीपर्यंत पोहोचतात म्हणून ते प्रसिद्ध आहे. तुम्ही संक्रांतीनंतर जात आहात, तेव्हा ती गर्दी ओसरलेली असेल. प्रदक्षिणेच्या वाटेत छत इतके खाली आहे की कंबरेत वाकूनच जावे लागते. ज्येष्ठांनी गाभाऱ्यासमोरूनच परतावे. याच गविपुरममध्ये मराठा समाजाचा गोसाई मठ आहे. बेंगळूरच्या मराठा कुटुंबांशी दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या सहवासात राहिलेली त्यांची मराठी ऐकताना आपल्या सीमाभागातल्या माणसाला एकाच वेळी ओळखीचे आणि परके असे दोन्ही वाटते.

आणि शहाजीराजांसाठीच जायचे असेल तर खरे ठिकाण बेंगळूर नव्हे, होदिगेरे. 1664 च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला, तो दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरी तालुक्यातल्या या गावी, आणि त्यांची समाधी तिथे आहे. स्वतःच्या वाहनाने महामार्गाने परतणार असाल तर दावणगेऱ्याच्या अलीकडे वाट वाकडी करून जाता येते. समाधी साधी आहे, भव्य स्मारकाची अपेक्षा ठेवू नये. रेल्वेने जाणाऱ्यांनी या वेळी तो विचार सोडून द्यावा.

निपाणीची सून

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. आत्याबाईंना संपूर्ण उत्तर वाचून दाखवले. वाडा उरला नाही याचे त्यांना वाईट वाटले, परंतु 1669 च्या शिलालेखामुळे मल्लेश्वरम आता पक्के झाले आहे. रात्रीच्या गाडीची खालची तीन आरक्षणे मिळाली आहेत.

तीन गोष्टी राहिल्या. शुक्रवारी दिवसभर आम्ही चौघेच असू, तेव्हा फार दूर न जाता काय पाहावे? यजमानांच्या मटणाचे कोणीच मनावर घेतलेले दिसत नाही, असे ते म्हणतात. आणि साडीसाठी चिकपेट बरी की सरकारी दुकान? शिवाय बायकांसाठीच्या "शक्ती" योजनेतला मोफत प्रवास बेंगळूरच्या शहर बसलाही लागू आहे का?

घटप्रभेकाठचा

यजमानांची तक्रार रास्त आहे, म्हणून आधी त्यांचे पाहू.

बेंगळुरात "मिलिटरी हॉटेल" अशी पाटी दिसली तर लष्कराच्या कँटीनचा विचार मनात आणू नये. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपला तसा समज होणे साहजिक आहे, पण बेंगळूरकडे मांसाहारी जेवणाच्या साध्या हॉटेलाला हे नाव आहे आणि त्यांतली अनेक जुनी हॉटेले मराठा कुटुंबांनीच सुरू केलेली आहेत. जयनगरच्या बाजूचे शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यांपैकी सर्वांत परिचित. तिथली मटण दोन्ने बिर्याणी मागवावी. सुक्या पानांच्या द्रोणात वाढलेली, बारीक आणि आखूड जिरगे सांबा तांदळाची, पुदिना आणि कोथिंबिरीने हिरवट झालेली ही बिर्याणी हैदराबादीहून सर्वस्वी वेगळी असते. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्याला मसाला सौम्य वाटेल, परंतु मांस उत्तम शिजलेले असते. सोबत नाचणीचा मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, घेतल्यास तो चावू नये. छोटा गोळा रश्शात बुडवून सरळ गिळावा. तिथे अकराच्या सुमारास पोहोचणे चांगले, कारण दुपार उलटली की चांगले पदार्थ संपत जातात. सासूबाईंना मात्र तिथे नेण्यात अर्थ नाही. शनिवारी त्या आणि आत्याबाई मुलीबरोबर बसवनगुडीत असताना यजमानांनी एकट्याने जाऊन यावे. अंतर थोडे आहे.

"शक्ती" योजना 11 जून 2023 पासून सुरू आहे आणि बीएमटीसीच्या साध्या शहर बसमध्येही ती चालते. वातानुकूलित बसमध्ये नाही. कर्नाटकातल्या पत्त्याचे ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून तुम्हांला आणि सासूबाईंना शून्याचे तिकीट मिळेल आणि कोल्हापूरच्या आत्याबाईंना पैसे मोजावे लागतील. सीमाभागातल्या कुटुंबात एकाच बाकावर बसलेल्या दोन बायकांची दोन तऱ्हेची तिकिटे निघतात, आणि आमच्याकडे त्यावरून प्रत्येक वेळी थट्टा होते.

साडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. म्हैसूर सिल्क घ्यायचे असेल तर कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाच्या, म्हणजे केएसआयसीच्या दुकानातच घ्यावे. भाव ठरलेला असतो आणि रेशीम व जर यांची खात्री असते. रंग आणि काठ यांची निवड मर्यादित वाटेल, हे खरे. चिकपेटेत निवड अफाट आहे आणि घासाघीसही करता येते, पण दाटी फार, दुकाने माळ्यावर आणि रविवारी बरीचशी बंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन तिथे जाऊ नये.

मल्लेश्वरमचा भाडेकरू

शुक्रवारसाठी लालबाग सुचवतो. हिरव्या मार्गिकेवर लालबाग हे स्वतंत्र स्थानक आहे. हैदर अलीने 1760 च्या सुमारास या बागेची सुरुवात केली आणि काचघर 1889 सालचे. प्रजासत्ताक दिनानिमित्त जानेवारीच्या मध्यापासून तिथे पुष्पप्रदर्शन असते, म्हणजे ते तुम्हांला मिळण्याची दाट शक्यता आहे. शनिवार-रविवारी त्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, शुक्रवारी सकाळी मात्र निवांत पाहता येते. बागेतला मोठा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावर केंपेगौडाच्या नावाचा मनोरा आहे. खडकाचा चढ सौम्य असला तरी सासूबाईंनी खालच्या तळ्याकाठीच बसावे.

बागेच्या मुख्य दरवाजाजवळ एमटीआर आहे, आणि इथे मात्र मी माझाच नियम थोडा सैल करतो. 1924 पासूनचे हे हॉटेल सोमवारी बंद असते. शुक्रवारी सकाळी गर्दी आटोक्यात असते आणि आत टेबल-खुर्चीवर नीट बसून खाता येते. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली इथे प्रथम केली गेली, असे एमटीआरचे म्हणणे आहे. ती मागवावीच. दुपारी खोलीवर परतावे, आणि संध्याकाळी उत्साह असेल तर व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत जावे. डिसेंबर-जानेवारीत या भागात अवरेबेळे मेळा भरतो. अवरेकाई म्हणजे आपले पावटे. त्यांचे डोसे, उपीट, चिवडा, इतकेच काय जिलबीसुद्धा करतात. मेळ्याच्या तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा मुलीला आधी चौकशी करायला सांगा. मेळा संपला असला तरी गल्लीत तव्यावरून थेट हातात येणारी होळिगे मिळते. सासूबाई तिची आपल्या पुरणपोळीशी तुलना करतीलच आणि निकाल काय लागणार हेही उघड आहे, तरी खाऊ द्यावी.

टिळकवाडीकर

विद्यार्थी भवनाबाबत भाडेकरूंचा मुद्दा मी अंशतः मान्य करतो. मुलीने एकटीने पुढे जाऊन नाव नोंदवावे आणि तोवर तुम्ही दोड्ड गणपतीचे दर्शन घ्यावे, म्हणजे सासूबाईंना उभे राहावे लागणार नाही. तरीही रांग फार मोठी दिसली तर तिथून जवळच शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार आहे. तिथे इडली, वडा, खारा भात आणि केसरी भात एवढेच मिळते. सांबार नाहीच, फक्त चटणी, आणि ती हवी तितकी वाढतात. गुळाच्या सांबाराचा प्रश्नच उरत नाही.

रविवारी दुपारनंतर कब्बन पार्क आणि विधानसौध, म्हणजे कर्नाटकाचे विधानभवन, एकत्र करावेत. रविवारी पार्कातले रस्ते वाहनांसाठी बंद असल्यामुळे ज्येष्ठांना निर्धास्त चालता येते. विधानसौध 1956 साली पूर्ण झाले आणि समोरची उच्च न्यायालयाची लाल इमारत त्याहून बरीच जुनी आहे. दोन्ही बाहेरूनच पाहायच्या. हलग्याजवळचे सुवर्ण विधानसौध आपण येता-जाता पाहतो, त्याचा मूळ नमुना सासूबाईंना दाखवून ठेवावा. मेट्रोचे स्थानक समोरच आहे आणि तिथून मुलगी व्हाइटफील्डच्या, तर तुम्ही मॅजेस्टिकच्या गाडीत बसू शकाल.

एक व्यावहारिक गोष्ट मॅजेस्टिकच्या मेट्रो स्थानकाबद्दल. जांभळी आणि हिरवी मार्गिका तिथे वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत आणि बदलताना गर्दीच्या लोंढ्याबरोबर सरकत्या जिन्यावर ढकलले जाण्याची भीती असते. लिफ्ट आहेत, पण त्या फलाटाच्या कडेला असल्याने चटकन दिसत नाहीत. सुरक्षा कर्मचाऱ्याला विचारले की ते दाखवतात. सोमवारी सकाळी सामान लॉजवरच ठेवून केएसआयसीच्या दुकानात जाऊन यावे आणि गाडीच्या निदान पाऊण तास आधी रेल्वे स्थानकावर पोहोचावे, कारण गांधीनगरहून स्थानक समोर दिसत असले तरी सामानासह तो रस्ता ओलांडणे सोपे नाही.